दाखला हातात दिल्यानंतर

महाराष्ट्रातल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. त्यात वर्षानुवर्षे जी चार-पाच उत्तरे फिरून फिरून येतात, त्यांत 'पालकांच्या विनंतीवरून' हे सगळ्यांत सोयीचे. वडिलांची बदली झाली, बिऱ्हाड हलले, जवळची शाळा सापडली, तरी हेच. आणि मुलाने वर्गात मारामारी केली, सरांना उलट उत्तर दिले, शाळेच्या मागे सिगारेट ओढताना सापडला, म्हणून मुख्याध्यापकांनी आईवडिलांना बोलावून 'याला दुसरीकडे घाला' असे सांगितले, तरीही हेच. त्याच दाखल्यावर 'वर्तणूक' नावाचा आणखी एक रकाना असतो. तिथे बहुधा 'चांगली' असे लिहिलेले असते. यात औदार्य आहे तसा व्यवहारही आहे. तिथे 'वाईट' असा शेरा मारला तर पुढची शाळा प्रवेश देणार नाही आणि मूल आपल्याच गळ्यात राहील, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

कागदावर या मुलाला कोणी काढलेले नसते. तो आपल्या पायांनी, पालकांच्या विनंतीवरून, चांगल्या वर्तणुकीसह बाहेर पडलेला असतो.

ही लपवाछपवी करावी लागते, कारण कायदा तसा स्पष्ट आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या कलम १६नुसार पहिली ते आठवीचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. मूळ कलमात मागे ठेवण्यालाही बंदी होती. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन नापासांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३मध्ये नियम बदलून ती वापरली. काढून टाकण्याची बंदी मात्र जशीच्या तशी राहिली. याच कायद्याचे कलम १७ मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते. कलम ५ सांगते, की मुलाने दुसऱ्या शाळेत जायचे ठरवले तर दाखला ताबडतोब द्यायचा आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही. हे कलम मुलाच्या सोयीसाठी लिहिलेले आहे. पण दाखला झटपट हातात पडण्याची घाई कधी मुलाला असते, तर कधी शाळेला.

आणि हे कवच आठवी पुरी होईपर्यंतच. नववी-दहावीतला मुलगा, म्हणजे ज्या वयात दंगा, प्रेमप्रकरण, मोबाइल, मारामारी सगळे एकदम सुरू होते त्या वयातला, कलम १६च्या छत्राबाहेर असतो.

त्याचे पुढे काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्याचा इतिहास एकदम अनपेक्षित ठिकाणी घेऊन जातो. शिस्तभंगाबद्दल शाळेबाहेर काढलेल्या मुलांसाठी या देशात पर्यायी शाळांची पहिली मोठी लाट आली ती १९०५नंतर, आणि त्या लाटेतली महाराष्ट्रातली एक महत्त्वाची शाळा होती तळेगाव दाभाड्यात.

१९०५च्या ऑक्टोबरात, बंगालच्या फाळणीच्या दिवसांत, बंगाल सरकारचे मुख्य सचिव कार्लाइल यांच्या सहीने एक परिपत्रक निघाले. विद्यार्थी स्वदेशीच्या सभांना, निदर्शनांना गेले तर शाळेचे अनुदान आणि मान्यता धोक्यात, असा त्याचा रोख. अंमलबजावणी लगेच झाली. रंगपूरच्या जिल्हा शाळेतल्या मुलांना सभेला गेल्याबद्दल दंड झाला. मुलांनी आणि पालकांनी तो भरायला नकार दिला आणि नोव्हेंबर १९०५मध्ये गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय शाळाच उघडली. कलकत्त्यात त्याच महिन्यात 'अँटी-सर्क्युलर सोसायटी' निघाली. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांची शिक्षणाची सोय लावणे हा तिचा एक जाहीर उद्देश होता. पुढच्या वर्षी मार्चमध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषद आणि ऑगस्टमध्ये बंगाल नॅशनल कॉलेज उभे राहिले. प्राचार्य होते अरविंद घोष. १९०७मध्ये भारत सरकारचे गृहसचिव रिस्ले यांनी हाच बडगा देशभरासाठी उगारला.

महाराष्ट्रातही शिस्तीचा अर्थ त्या वर्षांत झपाट्याने बदलत होता. १९०५च्या दसऱ्याला पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. त्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाने विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. प्राचार्य होते रँग्लर परांजपे, म्हणजे शिक्षा करणारे हात इंग्रजाचे नव्हते. दोनएक वर्षांनी नागपूरच्या नील सिटी हायस्कुलात तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचे स्वागत वर्गावर्गांतून 'वंदे मातरम्'ने झाले. बहुतेक मुले पुढे माफी मागून परतली. केशव बळीराम हेडगेवार या मुलाने माफी मागितली नाही आणि त्याचे नाव कमी झाले. तो यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत गेला. सरकारने ती शाळा बंद पाडली, तेव्हा पुण्यात आला आणि शेवटी राष्ट्रीय शिक्षण परिषदेची परीक्षा देऊन कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात दाखल झाला. एका मुलाच्या शालेय प्रवासात तीन गावे, एकदा काढणी, एक बंद पाडलेली शाळा आणि एक समांतर परीक्षा मंडळ! आज एखाद्या पालकाला हे सांगितले तर तो म्हणेल, मुलाचे वाटोळेच झाले असणार.

जाता जाता याची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. १९८५मध्ये केरळातल्या एका शाळेने यहोवाज विटनेसेस या पंथाच्या तीन भावंडांना काढून टाकले, कारण ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात ऑगस्ट १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. तेव्हा गायल्याबद्दल बाहेर, जवळजवळ ऐंशी वर्षांनी न गायल्याबद्दल बाहेर. शाळेची शिस्त त्या त्या काळच्या सत्तेचे कान किती जपते, हे यावरून कळते.

आता तळेगाव. विष्णू गोविंद विजापूरकर (१८६३–१९२६) हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. 'ग्रंथमाला' मासिकाचे, 'समर्थ' साप्ताहिकाचे आणि पुढे 'विश्ववृत्त' मासिकाचे कर्ते. मराठीतून उच्च ज्ञान द्यायचे हा त्यांचा ध्यास होता. १९०६मध्ये त्यांनी कोल्हापुरात समर्थ विद्यालय काढले. त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्ता काँग्रेसमध्ये स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री मान्य झाली आणि कोल्हापुरातल्या या छोट्या शाळेला एका मोठ्या चळवळीचे नाव मिळाले. लवकरच तिचा मुक्काम तळेगावला हलला. टिळकांनी १९०८च्या पहिल्या महिन्यांत महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळासाठी दौरे काढून निधी गोळा केला, तो अशाच राष्ट्रीय शाळांसाठी.

तळेगाव तेव्हा तसे आडबाजूचे नव्हते. सेनापती दाभाड्यांचे जुने गाव, पुण्याहून खंडाळ्याकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे स्थानक, भोवती मोकळे माळ. याच गावात १९०८मध्ये अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाचा काचकारखाना सुरू झाला. घराघरांतून एकेक पैसा जमवून उभारलेल्या या कारखान्याचे काम ईश्वरदास वार्ष्णेय या परदेशात शिकून आलेल्या तज्ज्ञाने लावून दिले. एकीकडे काचेच्या भट्ट्या, दुसरीकडे मातृभाषेतून शिकवणारे निवासी विद्यालय. पुस्तकी शिक्षणाला उद्योगाची आणि व्यायामाची जोड द्यायची, सरकारी अनुदान घ्यायचे नाही, सरकारी परीक्षेच्या मागे धावायचे नाही, असा राष्ट्रीय शाळांचा साधारण खाक्या होता.

समर्थ विद्यालय हे काही फक्त काढून टाकलेल्या मुलांचे कोंडाळे नव्हते. तिथे येणारी बरीच मुले पालकांनी आवर्जून पाठवलेली असत. पण सरकारी शाळेचे दार ज्याला बंद झाले, त्याला जाण्याजोगे ठिकाण असल्या शाळांमुळेच तयार झाले. आणि त्यात एक महत्त्वाची गोष्ट होती. तिथे येणाऱ्या मुलाला कोणी 'बिघडलेला' म्हणत नव्हते. ज्या गोष्टीबद्दल नागपुरात किंवा रंगपुरात शिक्षा झाली, तीच या शाळांत अभिमानाची होती. पर्यायी शाळा जमली की फसली हे ओळखायला याहून चांगली कसोटी सापडणे कठीण आहे. मूल तिथे कसल्या नावाने ओळखले जाते?

शाळेतल्या मास्तरांवर सरकारचा डोळा होताच. 'विश्ववृत्त'मध्ये १९०८ साली पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा लेख छापला गेला. त्यात राजद्रोह आहे असे ठरवून खटला झाला. विजापूरकरांना आणि समर्थ विद्यालयात शिकवणाऱ्या वामन मल्हार जोशींना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. हेच वामन मल्हार पुढे 'रागिणी' या कादंबरीचे लेखक म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. १९१०मध्ये सरकारने विद्यालयच बंद पाडले. म्हणजे आधी मुलांना काढले, मग त्यांना घेणाऱ्या मास्तरांना आत टाकले, मग शाळाच उठवली. काही वर्षांनी तळेगावात नवीन समर्थ विद्यालय उभे राहिले. ते आजही आहे, पण इतर शाळांसारखी एक नियमित शाळा म्हणून.

या कथेला सोनेरी वर्ख लावून ठेवायची मराठी लेखकांना खोड आहे. म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या राष्ट्रीय शाळांचा वर्ग बहुतांशी ब्राह्मण मध्यमवर्गीय होता, आणि खुद्द विजापूरकर कोल्हापूरच्या वेदोक्त वादात शाहू महाराजांच्या विरोधी बाजूला होते. त्याच काळात त्याच कोल्हापुरात दुसऱ्या एका मुलाला शिस्तीच्या नावाखाली बाहेर काढले गेले, त्याची गोष्ट वेगळीच आहे. भाऊराव पायगोंडा पाटील जैन बोर्डिंगात राहत होते. १९०८मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले, परत आल्यावर 'आंघोळ करून आत ये' म्हटल्यावर त्यांनी साफ नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. पुढे त्यांचा मुक्काम शाहू महाराजांच्या आश्रयाला. मॅट्रिक काही ते झाले नाहीत. १९१९मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पाच वर्षांनी साताऱ्यात असे वसतिगृह चालवले, की जिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत. ज्या नियमासाठी त्यांना काढले गेले होते, तो नियम त्यांनी आपल्या संस्थेतून काढून टाकला.

तळेगावहून रेल्वेने पुढे गेले की लोणावळा. इथेही या लाटेचा एक धागा येऊन पोचतो, अमळनेरच्या वाटेने. असहकाराच्या काळात, १९२०-२१मध्ये, पुन्हा एकदा शेकडो मुले सरकारी शाळांबाहेर पडली. पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले ते १९२१मध्ये. खानदेशात अमळनेरला राष्ट्रीय शाळा आणि राष्ट्रीय महाविद्यालय होते. सोलापूरची शाळा सोडून आलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, या अमळनेरच्या शाळेत शिकले. महाविद्यालयाचे प्राचार्य होते जगन्नाथ गणेश गुणे. १९२३मध्ये ते महाविद्यालय बंद झाले. वर्षभरात गुणे लोणावळ्याला आले आणि १९२४मध्ये त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखते. प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजण्याचे त्यांचे काम आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक लोणावळ्यातूनच सुरू झाले.

बंद पडलेल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचा प्राचार्य योगाची प्रयोगशाळा काढतो, याचा आपल्या विषयाशी काय संबंध? अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात रॉबर्ट डब्ल्यू. कोलमन नावाची प्राथमिक शाळा आहे. तिथे वर्गात गोंधळ घालणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून डांबून ठेवण्याऐवजी एका शांत खोलीत पाठवू लागले. 'होलिस्टिक लाइफ फाउंडेशन' या संस्थेचे लोक तिथे मुलांशी बोलतात, श्वासाचे साधे प्रकार करून घेतात, मूल निवळले की त्याला वर्गात परत पाठवतात. २०१६मध्ये याच्या बातम्या जगभर गाजल्या, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनीही कौतुकाने छापल्या. लोणावळ्याच्या शाळांतल्या कोणाला त्यात विशेष नवे वाटले नसेल. पण त्या खोलीतली मोलाची गोष्ट श्वासापेक्षा वेळापत्रकात आहे. मूल तासाभरात आपल्या बाकावर परत येते.

बाहेर काढलेल्या मुलांच्या इतिहासाची एक दुसरी, कमी अभिमानाची शाखाही आहे. ती चळवळीतून आली नाही, तुरुंगखात्यातून आली. मुंबईत १८५७मध्ये डेव्हिड ससून औद्योगिक व सुधारशाळा निघाली. १८७६ आणि १८९७मध्ये देशभरासाठी सुधारशाळांचे कायदे झाले. १९२४च्या मुंबई बालक अधिनियमाने लहान मुलांसाठी वेगळी न्यायव्यवस्था आखली. 'रिमांड होम'ला पाठवीन ही मराठी घरांतली धमकी याच शाखेची देणगी. मावळातल्या पोराला ती दिली जाते तेव्हा डोळ्यापुढे येते ते पुण्यातले येरवडा. सध्याचा कायदा आहे बाल न्याय अधिनियम २०१५. त्याच्या कलम १८खाली बाल न्याय मंडळ गुन्हा सिद्ध झालेल्या मुलाला जे आदेश देऊ शकते, त्यांत 'शाळेत जा' हा एक आदेश आहे. चोरी केलेल्या मुलाला न्याय मंडळ शाळेत पाठवते आणि चोरीचा नुसता संशय असलेल्या मुलाला शाळा घरी पाठवते, असे घडू शकते. दोन्ही गोष्टी एकाच राज्यात, एकाच वयाच्या मुलांबाबत.

इतर देशांत हा प्रश्न उघडपणे मांडला गेला आहे, एवढे तरी त्यांच्याकडून घेण्यासारखे. इंग्लंडमध्ये काढलेल्या मुलासाठी सहाव्या शालेय दिवसापासून पूर्णवेळ शिक्षणाची सोय करावी लागते. कायमचे काढले असेल तर ती जबाबदारी स्थानिक प्रशासनाची. त्यासाठी 'प्युपिल रेफरल युनिट' नावाच्या छोट्या शाळा आहेत. १९९३च्या शिक्षण कायद्याने त्यांना अधिकृत रूप मिळाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५मध्ये ओहायो राज्यातल्या गॉस विरुद्ध लोपेझ खटल्यात ठरवले, की दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनाआधीसुद्धा मुलाला आरोप सांगितला पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. निकाल पाच विरुद्ध चार असा निसटता लागला. टेक्सास राज्याने १९९५मध्ये प्रत्येक शाळा-जिल्ह्याला शिस्तभंगाच्या मुलांसाठी वेगळी पर्यायी शाळा चालवायला भाग पाडले.

या शाळांची ख्याती मात्र संमिश्र आहे. काही ठिकाणी लहान वर्ग, जीव लावणारे शिक्षक, हाताने करायची कामे आणि मूळ शाळेत परतण्याची ठरलेली तारीख असते. काही ठिकाणी नुसते सांभाळणे. दारावर तपासणी, गणवेश वेगळा, अभ्यास म्हणजे छापील कागद भरणे. मूल परतते तेव्हा मूळ वर्ग पुढे गेलेला असतो आणि नावाला चिकटलेला शिक्का तसाच असतो.

महाराष्ट्रात काय आहे? महाराष्ट्राने पर्यायी परीक्षा उभारल्या, पर्यायी शाळा नाही. राज्य मंडळाचा फॉर्म नंबर १७ भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. त्यासाठी पाचवी उत्तीर्ण असणे आणि चौदा वर्षे पूर्ण असणे पुरते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे सगळे जिला एनआयओएस म्हणतात ती, १९७९मध्ये केंद्रीय मंडळाचा प्रकल्प म्हणून सुरू झाली. १९८९मध्ये ती स्वतंत्र झाली. तिचे विभागीय केंद्र पुण्यात आहे. एकेक विषय सोडवत पाच वर्षांत दहावी पुरी करण्याची सवलत ती देते. राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही आहे, ते पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षा घेते. शाळेबाहेर राहिलेल्या चौदा वर्षांखालच्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे, हे तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४मध्येच आहे. खेळाडू, नाटक-सिनेमात काम करणारी मुले, आजारी मुले यांना या सगळ्याचा चांगला उपयोग होतो. घरी कोणीतरी अभ्यासाला बसवणारे असते, क्लासची फी परवडते. पण सकाळी अकरा ते पाच या वेळात ज्याला कुठेच जायचे नाही असा पंधरा वर्षांचा मुलगा फॉर्म भरून उरलेले दहा महिने काय करणार, याचे उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

मावळात हा प्रश्न नकाशामुळे आणखी बिकट होतो. लोहमार्गाच्या कडेची गावे, म्हणजे तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली, लोणावळा, यांना पुणे–लोणावळा लोकल आहे. एका शाळेने नाकारले तर दोन स्थानके पुढे दुसरी शाळा सापडते. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या खोऱ्यांत तसे नाही. तिथे आठवीनंतर खोऱ्यात एखादीच माध्यमिक शाळा, एसटीच्या मोजक्या फेऱ्या आणि पावसाळ्याचे चार महिने. तिथल्या मुलाला 'दुसरीकडे घाल' म्हणणे म्हणजे 'घरी बस' म्हणणे. घरी म्हणजे गुरांमागे, भातलावणीला किंवा हायवेकडेच्या हॉटेलात. कातकरी आणि ठाकर वस्त्यांतल्या मुलांची तऱ्हा आणखी निराळी. घरचे लोक वीटभट्टीवर गेले की मूल महिनोन्महिने गैरहजर, आणि सततची गैरहजेरी शाळेच्या हिशेबात बेशिस्त ठरायला वेळ लागत नाही.

पैसेवाल्यांची सोय वेगळी. मुंबई-पुण्याच्या घरांत हाताबाहेर गेलेल्या मुलाला 'बोर्डिंगात टाकू' ही धमकी पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते आणि तेव्हा पाचगणी, खंडाळा, लोणावळा हीच नावे निघतात. म्हणजे शहराने नाकारलेले मूल मावळात येते आणि मावळात नाकारलेले मूल कुठेच जात नाही. बोर्डिंगात मूल सुधारते की नुसते नजरेआड होते, हे त्या त्या वसतिगृहाच्या रेक्टरवर अवलंबून असते. घरच्यांच्या मते बहुधा सुधारते.

दाद मागायची वाट आहे, फक्त ती माहीत असावी लागते. पहिली मागणी लेखी आदेशाची करायची. तोंडी 'उद्यापासून पाठवू नका' याला कागदावर अस्तित्वच नसते आणि लेखी मागितले, की बरीच प्रकरणे तिथेच थंडावतात. मग केंद्रप्रमुख, वडगावच्या पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, त्यांच्यावर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. अनुदानित आणि सरकारी शाळांत व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीनचतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्याही वर राज्य बालहक्क संरक्षण आयोग. २०२२पासून शाळांत सखी सावित्री समित्याही नेमायच्या आहेत. ज्या शाळेत असली समिती खरोखर बसते, तिथे मारामारीचे प्रकरण दाखल्यापर्यंत जाण्याआधी कोणीतरी मुलाला विचारलेले असते, की घरी काय चालले आहे.

ज्यांना परत त्याच बाकावर बसायचे नाही, त्यांच्यासाठी आयटीआय हा एक रस्ता उरतो. त्यातले वेल्डर, वायरमन, सुतारकाम असे काही व्यवसाय आठवी उत्तीर्ण मुलांना खुले आहेत आणि प्रवेशाचे किमान वय आहे चौदा. कायद्याचे छत्र जिथे संपते, नेमके तिथेच हे दार उघडते. तळेगाव, चाकण, तळवडे या पट्ट्यात कारखाने आहेत, त्यामुळे पुढे पोट भरण्याची सोयही होते. आयटीआयत हजेरी असते, ठोकाठोकीचा आवाज असतो, रोज काहीतरी जुळवून दाखवावे लागते आणि आधीच्या शाळेत काय केलेस हे निदेशक सहसा विचारत नाहीत. दहावी हवीच असेल, तर फॉर्म नंबर १७ सोबत भरता येतो. खासगी विद्यार्थ्याला मंडळ एक संपर्क केंद्र ठरवून देते. हे केंद्र म्हणजे परिसरातली एखादी नियमित शाळाच असते. एका मुख्याध्यापकांनी बाहेर काढलेल्या मुलाचे कागद तिथे दुसरे मुख्याध्यापक तपासून घेतात आणि मंडळाकडे पाठवतात.